ठेक्याआड लपलेले शब्द

सोलापुरात माझ्या भाचीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये यंदा दुसरीच्या मुली ‘दबंग २’ (२०१२) मधल्या एका आयटम साँगवर नाचल्या आणि पालकांत दोन तट पडले. एकांना असल्या गाण्यांवर सरसकट बंदी हवी आहे. दुसरे म्हणतात, शब्द ऐकतो कोण, सगळे ठेक्यावर नाचतात. बहिणीने पाठवलेल्या व्हिडिओत, नायिका स्वतःला तंदुरी कोंबडी म्हणवून घेते आणि दारूबरोबर गटकावून टाक असे सुचवते, नेमक्या त्याच ओळीला सात वर्षांच्या मुली बोट स्वतःकडे वळवतात आणि समोरून टाळ्या पडतात. हातवारे शब्दांवरूनच बसवलेले असताना शब्द कोणी ऐकत नाही, हे मला पटत नाही.

मी राहतो त्या ओहायोत २०१८ च्या नाताळात असाच वाद झाला होता. फ्रँक लेसर यांनी १९४४ साली लिहिलेले ‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’ हे युगलगीत क्लीव्हलँडच्या एका रेडिओ केंद्राने लावणे बंद केले, कारण त्यात घरी निघालेल्या स्त्रीला पुरुष पुनःपुन्हा थांबवतो आणि मध्येच ती विचारते, या पेल्यात आहे तरी काय? ती बंदी मलाही रुचली नाही. पण त्या निमित्ताने लोकांनी गाणे ओळीओळीने वाचले. त्या काळच्या स्त्रीला स्वतःच्या इच्छेने थांबायलाही अशी सबब लागत असे, असे काहींनी सांगितले. आजच्या कानांना ती ओळ कशी बोचते, हे इतरांनी मांडले. २०१९ मध्ये जॉन लेजंड आणि केली क्लार्कसन यांनी ते नव्या शब्दांत गायले, आणि जुनेही वाजत राहिले.

आपल्याकडे आक्षेप शब्दावर येतो, अर्थावर क्वचितच. १९९४ च्या ‘खुद्दार’मधल्या गाण्यात ‘सेक्सी’च्या जागी ‘बेबी’ घातले की भागले. त्याच वर्षीच्या ‘मोहरा’त स्त्रीला ‘चीज’ म्हटले, ते गाणे मात्र वरातीत अजून वाजते. २००७ मध्ये ‘आजा नचले’च्या शीर्षकगीतातली जातीचा अवमान करणारी ओळ निषेधानंतर लगेच वगळली गेली, आणि ते योग्यच झाले. म्हणजे मनावर घेतले तर ओळ बदलता येते.

शृंगार आमच्या मातीतलाच आहे, असे सांगताना सोलापूरकर हमखास शाहीर राम जोशींचे नाव घेतात. अभिमान रास्त आहे, पण दाखला चुकीचा आहे. शृंगारिक लावणीत, रचणारा पुरुष असला तरी, बहुधा स्त्रीच स्वतःची ओढ, रुसवा आणि तक्रार बोलून दाखवते. तिला कोणी ताटात वाढलेले नसते.

म्हणून पालकांनी बंदीचा अर्ज बाजूला ठेवावा आणि एवढेच मागावे, की पुढच्या वर्षी सराव सुरू होण्यापूर्वी निवडलेल्या प्रत्येक गाण्याचे शब्द, संगीत न लावता, शिक्षक आणि पालकांच्या बैठकीत एकदा मोठ्याने वाचले जावेत.