हिरो कसे होते, हे बाईंना किती वेळा विचारणार?

परवा सांगलीत एका जुन्या चित्रपट अभिनेत्रीची प्रकट मुलाखत ऐकली. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली पुन्हा त्यांच्या हिरोंचीच चर्चा सुरू होईल. तिथेही तासभर तेच चाललं होतं. अमुक दादा सेटवर कसे वागायचे? तमुक साहेब चिडायचे का? बाई हसून उत्तरं देत होत्या, पण ही उत्तरं त्यांना पाठ झालीत हे शेवटच्या रांगेतही कळत होतं. मध्ये शाल, नारळ आणि प्रायोजकांचं भाषण. असो.

मग मागून एका आजींनी विचारलं, "ताई, भर उन्हात नाचताना डोळं कसं हो मिटत नव्हतं?"

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणाल्या, ऊन परतवणाऱ्या रिफ्लेक्टरचा झोत थेट तोंडावर यायचा. शॉट लागेपर्यंत तिकडेच तोंड करून डोळे मिटून उभं राहायचं आणि 'ॲक्शन' ऐकलं की उघडायचे. पाणी आलं की शॉट वाया. कच्ची फिल्म मोजकी. कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा, म्हणजे मॅगझिन, चारशे फुटांचं; म्हणजे जेमतेम साडेचार मिनिटं. लाऊडस्पीकरवर गाणं वाजतंय, त्याला ओठ जुळवायचे, पाऊल चुकवायचं नाही, आणि घुंगरांनी घोटे सोललेले. सांगता सांगता त्या वाकल्या आणि घुंगरांखाली सुती पट्टी कशी बांधायची ते पदरानेच करून दाखवलं. दोन वेढे घट्ट, तिसरा जरा सैल, गाठ बाहेरच्या अंगाला. सत्तरी उलटलेली बाई, पण बोटं कुठे अडखळली नाहीत.

निवेदकाने घड्याळ बघितलं. "बरं, तुमचा आवडता सहकलाकार कोण?"

अरे बाबा!

१८४३ साली इथे विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक केलं, म्हणून आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. तेव्हा सीताही पुरुषच व्हायचा. पुढे बायका स्वतः पडद्यावर आल्या, तरी मुलाखतीत आपण त्यांना हिरोच्या आठवणी सांगायलाच बसवतो. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट पुण्यात १३१ आठवडे चालला. त्यात काम केलेल्या अभिनेत्री हंसा वाडकरांनी आपल्या आत्मकथेलाही तेच नाव दिलं आणि स्वतःचं आयुष्य आडपडदा न ठेवता सांगितलं. मुलाखतीला बसण्याआधी तेवढं एक पुस्तक तरी चाळा की राव.

बाहेर चहाच्या गाड्यावर त्या आजी भेटल्या. म्हटलं, प्रश्न एक नंबर विचारलात. तर म्हणाल्या, "जत्रंतल्या तंबूत तिचं पिक्चर दोनदा बगितलं हुतं. नाचताना डोळ्यांत पानी दिसायचं. दुःखाचं का उन्हाचं, कळंना झालेलं. म्हनून इचारलं."