‘ईएफआय फॉरमॅट केलं तरी काही बिघडत नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असलेल्या लॅपटॉपवर विंडोज पुन्हा कसं टाकायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ईएफआय पार्टिशन, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या फाइली असलेला डिस्कचा छोटा भाग, फॉरमॅट करू नका, असं मी त्यात सांगितलं होतं. तुम्ही लिहिता: “नवशिक्यांना उगाच घाबरवताय. ईएफआय पार्टिशन फॉरमॅट केलं तरी काही बिघडत नाही, विंडोज ते परत बनवतंच. लेख निम्मा करा, स्क्रीनशॉट टाका, घड्याळाचं राहिलंय ते लिहा. ज्याला स्वतःला कळत नाही तोच एवढं पाल्हाळ लावतो.”

चूक दाखवा, जरूर दाखवा. पण शेवटच्या वाक्याचं काय काम होतं? मुद्दा खोडता येत असेल तर खोडावा, समोरच्याची अक्कल काढू नये. हा लेख वाचणारा माणूस आधीच धास्तावलेला असतो. त्याच्यासमोर असा तोरा मिरवला की तो पुढचा प्रश्न विचारतच नाही.

घड्याळाचं राहिलं होतं, मान्य. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. म्हणून आपल्याकडे साडेपाच तासांचा घोळ होतो. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की भागतं. लेखात ही ओळ टाकली आहे.

आता ते ‘काही बिघडत नाही’. विंडोज परत बनवतं ते फक्त स्वतःचं. त्या छोट्याशा ईएफआय पार्टिशनमध्ये (बहुतेक १०० किंवा २६० एमबी) मायक्रोसॉफ्ट आणि उबुंटू असे दोन फोल्डर शेजारी असतात. उबुंटूच्या फोल्डरमध्ये शिम आणि ग्रब या उबुंटू सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या फाइली असतात (उबुंटू की विंडोज असा मेनू ग्रबच दाखवतो). फॉरमॅट केलंत की दोन्ही जातात आणि विंडोजचा इन्स्टॉलर फक्त पहिला परत भरतो. लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये जातो. लिनक्सच्या पार्टिशनवरची एकही फाइल गेलेली नसते, पण नवशिक्याला वाटतं सगळं उडालं, आणि घाबरून तो उरलेलंही पुसून टाकतो. खरं नुकसान होतं ते इथे.

बरं, त्याने लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच उबुंटू चालवता येतं) लावला, रूट (उबुंटूचं मुख्य पार्टिशन) आणि ईएफआय माउंट केलं म्हणजे जोडलं, सीएचरूट करून म्हणजे डिस्कवरच्या उबुंटूत शिरून ग्रब पुन्हा बसवला. तरी सुटका नाही. फॉरमॅटमुळे ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदललेला असतो, आणि उबुंटूच्या एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांची यादी) जुनाच असतो. मग सुरू होताना यंत्रणा दीड मिनिट त्या जुन्या पार्टिशनची वाट बघते आणि इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरतं सुरू होणं) जाऊन पडते. काळा पडदा आणि त्यावर नुसत्या ओळी. इथे ‘बीएलकेआयडी’ या कमांडने नवा क्रमांक (चार-चार अक्षरांचा, मध्ये रेघ) बघून एफएसटॅबमधला जुना बदलावा लागतो. हे ज्याला येतं त्याला माझा लेख नकोच आहे. लेख ज्याच्यासाठी आहे, त्याला तुम्ही फॉरमॅट करायला सांगताय!

न फॉरमॅट करता काम किती सोपं आहे बघा. आधी उबुंटूमध्ये ‘एलएसबीएलके’ ही कमांड देऊन प्रत्येक पार्टिशनचा आकार कागदावर लिहून घ्यायचा, कारण विंडोजच्या इन्स्टॉलरला लिनक्सची पार्टिशनं नावाने ओळखता येत नाहीत, आकारावरूनच ओळखावी लागतात. जुन्या विंडोजचं मोठं पार्टिशन तेवढं फॉरमॅट करून तिथेच नवं टाकायचं. ईएफआय, १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेलं पार्टिशन) आणि लिनक्सची पार्टिशनं जशीच्या तशी राहू द्यायची. विंडोज स्वतःला बूटच्या क्रमात पहिलं नेऊन ठेवतं, एवढंच. बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन (सुरू होताना एफ२ किंवा एस्केप दाबून, कंपनीनुसार वेगळं) उबुंटूची नोंद वर आणली की ग्रबचा मेनू परत दिसतो. ग्रब परत आणायला लाइव्ह पेनड्राइव्हही लागत नाही, टर्मिनलही नाही.

हे मी हवेत बोलत नाही. लोकांचे असे अडकलेले लॅपटॉप मी वर्षानुवर्षं सोडवून देतो आहे, आणि त्यांतले बरेचसे अशाच ‘काही होत नाही’वर भरवसा ठेवून अडकलेले असतात.

स्क्रीनशॉटचं आणि लांबीचं काय ते बघू. इन्स्टॉलरचे पडदे आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे जुनं चित्र बघून माणूस भलतंच बटण दाबतो. लांबी मात्र कमी होणार नाही.

तुमची प्रतिक्रिया काढत नाही. पण कोणी त्यावर विसंबू नये म्हणून तिच्याखाली या उत्तराचा दुवा ठेवला आहे. यावर आक्षेप असेल तर जरूर लिहा, पण नेमकी कुठली पायरी चुकते ते सांगून लिहा.