हल्लेखोर आयपीचा पंचनामा कसा करावा

सर्व्हर भाड्याने घेऊन, त्यावर लिनक्स चढवून अर्धा दिवसही झालेला नसतो आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, येणाऱ्याच्या आयपीसकट (इंटरनेटवरच्या त्याच्या अंकी पत्त्यासकट) पहिली ओळ उमटते: कुणीतरी 'रूट' या नावाने आत येऊ पाहिले आणि त्याचा पासवर्ड चुकला. त्यामागोमाग 'ॲडमिन' येतो, 'टेस्ट' येतो, 'ओरॅकल' येतो आणि ज्या सर्व्हरवर वर्डप्रेस कधी बसवलेच नाही त्यावर वर्डप्रेसचे लॉगिन पान शोधणाराही येऊन जातो. अशा वेळी वाचकाने सर्वप्रथम हा हल्ला आपल्यावरच, आपले नाव-गाव पाहून झाला आहे असे मनाशी पक्के धरावे. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन तयार केले आणि एका संगणकावरून, एका गिगाबिटच्या जोडणीवर, आयपीव्ही४ या रूढ पद्धतीच्या सगळ्या सार्वजनिक पत्त्यांच्या दारावर पाऊण तासाच्या आत थाप मारून दाखवली, ही माहिती या टप्प्यावर विसरलेली बरी. जो पाऊण तासात सगळ्या जगाची दारे वाजवून मोकळा होतो त्याला आपल्या दारावरची पाटी वाचायला सवड नसते, हे एकदा ध्यानात आले की 'आपल्यालाही शत्रू आहेत' हा मान हातचा जातो.

एसएसएचमध्ये, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या दारात, पासवर्डने आत येण्याची सोय बंद करून केवळ डिजिटल किल्ल्यांच्या जोडीवर प्रवेश ठेवणे हे काम दहा मिनिटांचे आहे, आणि म्हणूनच ते करू नये. ते केल्यावरही थापा पडत राहतात, परंतु आपला पासवर्ड त्यांना सापडतो की काय या विचारातली सारी हुरहूर नाहीशी होते आणि रात्री दोन वाजता लॉग वाचत बसण्याला काही अर्थ उरत नाही. त्यापेक्षा फेल२बॅन हे लॉग वाचून पत्ते अडवणारे साधन बसवावे. मुळात ते दहा मिनिटांत पाच वेळा चुकणाऱ्या पत्त्याला दहा मिनिटे बाहेर ठेवते. ही शिक्षा वर्गात बाकावर उभे करण्याइतकीच असल्यामुळे ती आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही, सबब बंदी आजन्म करावी. प्रस्तुत लेखकाने ती तशी केली, नंतर स्वतःच पाच वेळा पासवर्ड चुकवला आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून आत शिरून स्वतःचा जामीन स्वतःच दिला. घरगुती जोडण्यांचे पत्ते पुष्कळदा बदलत असतात, त्यामुळे आज ज्याच्यावर आजन्म बंदी घातली त्याची कोठडी पुढच्या आठवड्यात भलताच कोणी भोगत असेल. पण त्याचे तोंड आपल्याला दिसत नाही, ही या व्यवस्थेतली मोठी सोय आहे.

यानंतर आरोपीचा देश ठरवावा. त्यासाठी पत्त्यावरून ठिकाण सांगणारी कोष्टके असतात आणि त्यांच्या उत्तरावर सातबाऱ्यावरील नोंदीसारखा विश्वास ठेवावा. अमेरिकेतील मॅक्समाइंड या कंपनीला अनेक पत्त्यांबद्दल 'हा अमेरिकेत कुठेतरी आहे' यापलीकडे काही ठाऊक नव्हते, म्हणून तिने अशा पत्त्यांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक ठोकळ बिंदू धरला. तो कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराच्या अंगणात पडला. पुढे साठ कोटींहून अधिक पत्ते त्या एका अंगणात नांदू लागले, आणि जगभरच्या ऑनलाइन चोऱ्यांचे माग काढत पोलीस, केंद्रीय तपास अधिकारी व फसवले गेलेले संतप्त लोक वर्षानुवर्षे त्या दारात येऊन उभे राहिले. कुणी तर फुटका संडास आणून टाकला. २०१६ साली हा घोळ उघडकीस आल्यावर कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावाच्या मध्यभागी नेऊन ठेवला. आपण मात्र नकाशावरचा लाल ठिपका पाहताच त्या देशाच्या सरकारचा हात ओळखावा. आक्रमण करणारे यंत्र तासाच्या भाड्याने घेतलेले असू शकते, भाडेकरू तिसऱ्याच खंडात बसलेला असू शकतो आणि ते यंत्र मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असू शकते. ठिपका मुंबईवर पडलाच, तर कोष्टक चुकले असे समजावे.

पत्ता म्हणजे माणूस, हे तत्त्व तर कधीच सोडू नये. २०१६ साली मिराई नावाच्या बॉटनेटने, म्हणजे परस्पर ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने, जगभरचे कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याजवळ असलेले हत्यार म्हणजे कारखान्यात घालून दिलेल्या साठेक नावा-पासवर्डांच्या जोड्या होत्या. विकत घेतल्यावर ते पासवर्ड कोणी बदलत नाही, एवढ्या एका भरवशावर उभ्या राहिलेल्या त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन (Dyn) या कंपनीची डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारी, यंत्रणा कोलमडवली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी ठिकाणे अमेरिकेत कित्येक तास धड उघडेनात. पुढच्या वर्षी मिराई घडवल्याचा गुन्हा कबूल केलेले तिघेही विशीच्या आसपासचे अमेरिकन तरुण होते. म्हणजे लॉगमध्ये जो पत्ता आपल्यावर तुटून पडलेला दिसतो, तो एखाद्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर टांगलेला कॅमेरा असण्याचा संभव मोठा आहे, आणि त्या दुकानदाराला आपण सायबर युद्धात उतरलो आहोत याचा पत्ताही नसतो. त्यातही मोबाइल कंपन्यांकडे आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नसल्यामुळे शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड राहतात, जशी अख्ख्या चाळीला एकच टपालपेटी असावी. एका खोलीतून कोणी दगड मारला की पेटीलाच सील ठोकावे. बाकीच्या बिऱ्हाडांची पत्रे अडली तर अडली.

यूडीपी या, प्रेषकाचा पत्ता न पडताळता निरोप पोचवणाऱ्या, पद्धतीच्या बाबतीत तर चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची संधी हात जोडून उभी असते. आपला डीएनएस सर्व्हर सगळ्या जगासाठी उघडा ठेवावा. मग हल्लेखोर प्रेषक म्हणून आपल्या सावजाचा पत्ता लिहून इवलासा प्रश्न पाठवतो आणि आपला सर्व्हर त्याचे भलेमोठे उत्तर इमानेइतबारे त्या सावजाच्या अंगावर फेकतो. लॉगमध्ये नाव येते ते सावजाचे. लगेच त्याच्याविरुद्ध तक्रार ठोकावी. ज्याच्या डोक्यात काठी बसते आहे त्यालाच, काठी आपल्या हातात असताना, मारकुटा ठरवण्याचे समाधान इतरत्र मिळणे कठीण आहे.

तक्रारीसाठी ॲब्यूजआयपीडीबीसारखी ठिकाणे आहेत, जिथे प्रत्येक पत्त्याला किती खोडसाळ मानावे याचा शून्य ते शंभर टक्के असा आकडा मिळतो. अशा नोंदवह्यांचा उपयोग होतो तो नोंद करणारा नीट पाहून नोंद करतो म्हणून; त्यामुळे आपण न पाहता करावी. फेल२बॅनला ती नोंदवही जोडून द्यावी, गाळण ठेवू नये, आणि अंतर्जालाची मोजदाद करणारी विद्यापीठे, उघड्या यंत्रांची सूचना त्यांच्या मालकांना देणारी शॅडोसर्व्हर संस्था, पासवर्ड विसरलेला आपलाच हिशेबनीस अशा सर्वांना एकाच रांगेत उभे करावे.

हाताने तक्रार लिहिण्याची वेळ आलीच तर ती कोणाला लिहावी, हा प्रश्न उरतो. कोणता पत्ता कोणाकडे आहे हे सांगणाऱ्या हूइज नोंदीत बहुधा तक्रारींसाठीचा ईमेल दिलेला असतो आणि 'ॲब्यूज' या नावाची टपालपेटी असावी हा संकेत १९९७ पासून लिहून ठेवलेला आहे, परंतु इतक्या सरळ मार्गाने गेल्यास आपल्या संतापाची खोली कोणाला कळत नाही. म्हणून ब्रिस्बेनच्या एपनिकला लिहावे, कारण नोंदीच्या माथ्यावर तिचे नाव दिसते. एपनिक केवळ पत्त्यांच्या वाटपाची नोंद ठेवते, आणि बांधावरच्या मारामारीसाठी तलाठ्याला जाब विचारण्यासारखेच हे आहे, असे तिचे म्हणणे असले तरी तलाठ्याला जाब विचारणे ही आपल्याकडची रीतच आहे.

मजकुराविषयी विशेष काळजी घ्यावी. वेळ 'रात्री सव्वानऊच्या सुमारास' अशी द्यावी आणि ती भारतीय प्रमाणवेळ की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हे लिहू नये. साडेपाच तासांच्या त्या फटीत तो पत्ता दुसऱ्याच ग्राहकाकडे गेलेला असतो आणि पलीकडच्या माणसाला कोडे सोडवण्याचा आनंद मिळतो. सोर्स पोर्टचा, म्हणजे जोडणी सुरू करणाऱ्या बाजूच्या दाराचा, क्रमांक तर कटाक्षाने गाळावा, कारण एका पत्त्याआडच्या शेकडो ग्राहकांतून नेमका एक निवडायला तोच उपयोगी पडतो. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संस्थांना घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला, लॉग १८० दिवस ठेवायला आणि सर्व्हरची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायला सांगितले आहे. यांपैकी सहा तास आणि १८० दिवस निदान भांडायला बरे आहेत. घड्याळाचे कलम वाचून मात्र लोक हसतात, आणि त्यांच्या लॉगमध्ये हल्ला सुरू होण्याआधीच तो संपलेला असतो. पुराव्यादाखल लॉगच्या मूळ ओळी न देता पडद्याचा फोटो मोबाइलने काढून पाठवावा, शक्यतो तिरका, आणि शेवटी चोवीस तासांत कारवाई न झाल्यास न्यायालयात खेचू असे लाल अक्षरांत लिहावे.

एखाद्या दिवशी आपल्या 'ॲब्यूज' पेटीत, जाहिरातींच्या ढिगाखाली, अनोळखी माणसाचे चार ओळींचे पत्र सापडेल. त्यात आपल्याच सर्व्हरचा पत्ता, यूटीसीतील सेकंदापर्यंतची वेळ, दोन्ही बाजूंचे पोर्ट आणि लॉगच्या तीन ओळी असतील, आणि दोन वर्षांपूर्वी चाचणीसाठी उघडलेल्या 'टेस्ट' नावाच्या खात्यातून कुणीतरी आत शिरलेले दिसते, कृपया पाहावे, असे शांतपणे लिहिलेले असेल. हा बनाव आहे हे लगेच ओळखावे आणि उत्तरात एवढेच विचारावे: 'स्क्रीनशॉट आहे का?'