मोराचा पिसारा कुठल्या मेंदूनं काढायचा?

सोलापुरातल्या आमच्या पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. हलत्या चित्रातली गरगर फिरणारी नर्तिका उजवीकडं फिरताना दिसली तर मूल ‘उजव्या मेंदूचं’, म्हणजे कलाकार. डावीकडं दिसली तर हिशेबी. डावखुरी पोरं तर जन्मजात प्रतिभावान. शेवटी धंद्याची गोष्ट: बोटांचे ठसे द्या, बाजू आम्ही सांगतो.

नर्तिकेचं आधी उरकतो. नोबुयुकी कायाहारा या जपानी डिझायनरनं 2003 साली केलेली ती नुसती सावली. पुढचं-मागचं कळायची खूणच नाही, म्हणून ती कुठल्याही बाजूला फिरताना दिसते.

उजवा-डावा मेंदू मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. फिट येणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल शस्त्रक्रियेत कापला होता. त्यांच्यावरच्या अभ्यासासाठी रॉजर स्पेरींना 1981 मध्ये नोबेल मिळालं. बहुतेकांची भाषा डावीकडं असते, हेही खरं. पण आपल्या डोक्यातला पूल शाबूत आहे की! युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये 1011 जणांचे स्कॅन तपासले. अख्खी एक बाजूच वरचढ, असं कुणात दिसलं नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, आमचे एक काका चादरीची डिझाइनं करायचे. ग्राफवर मोर काढायचे. पिसारा मनासारखा जमला की पेन्सिल कानावर ठेवून चौकटी मोजत बसायचे. त्याच बरहुकूम जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्यांना भोकं पडणार. एक ओळ हुकली की मोराची मान मोडली. यात कला कुठं संपली नि हिशेब कुठं सुरू झाला?

2018 च्या एका अभ्यासात 163 जणांना नेहमीच्या वस्तूंचे नवे उपयोग सुचवायला लावले. मन भटकताना जागं होणारं मेंदूतलं एक जाळं आणि लक्ष आवरून धरणारं दुसरं. एरवी एक चढलं की दुसरं उतरतं. ज्यांना जास्त कल्पक सुचलं, त्यांच्यात ही दोन्ही एकमेकांशी पक्की जोडलेली निघाली.

डावखुऱ्यांचं म्हणाल, तर डाव्या हाताला मेंदूचा उजवा भाग चालवतो, कबूल. पण दहातल्या सुमारे सात डावखुऱ्यांची भाषाही डावीकडंच असते.

राहिले ठसे. त्या रेषा आईच्या पोटातच ठरतात, मेंदू मात्र शिकेल तसा बदलत राहतो. गेल्या वर्षी आम्हीही फी भरून बसलो, काय सांगू! अहवालात लेक ‘डाव्या मेंदूची’ निघाली. ती आत्ता गणिताच्या वहीत गड्ड्याच्या जत्रेतला आकाशपाळणा काढतेय, चौकटी मोजून.