लिंकनच्या ‘अपयशांची’ ती यादी आता पुरे करा

आज पुन्हा स्पर्धा परीक्षेच्या एका ग्रुपवर ती यादी आली. लिंकन १८३२ ला इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक हरला, मग दुकान बुडालं, १८५५ ला सिनेट हरला, १८५८ ला परत हरला, आणि १८६० ला थेट अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. खाली ‘हार मानू नका’. अभ्यास करणाऱ्या पोरांना हे खपवता? संताप येतो.

१८३४, १८३६, १८३८, १८४० : सलग चार वेळा तो इलिनॉयच्या विधिमंडळावर निवडून आला. यादीत हे कुठाय? १८३२ ला पडला तेव्हाही न्यू सेलम या त्याच्या गावातल्या ३०० पैकी २७७ मतं त्यालाच होती. बाकी मतदारसंघात त्याला कोणी ओळखत नव्हतं, एवढंच.

आणि १८५५ ला ‘हरला’ म्हणता, तर त्या दिवशी काय झालं ते नीट वाचा. तेव्हा सिनेटर जनता निवडत नसे, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. ८ फेब्रुवारीला स्प्रिंगफील्डमध्ये पहिल्या फेरीत लिंकन ४४, शील्ड्स ४१, ट्रंबुल ५. लिंकन सगळ्यांच्या पुढे! पण ट्रंबुलचे ते पाच जण डेमोक्रॅट. गुलामगिरी पसरवणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याच्या विरोधात असूनही लिंकनसारख्या व्हिग पक्षाच्या माणसाला मत द्यायला तयार नाहीत. फेऱ्या वाढल्या तशी लिंकनची मतं गळायला लागली. कायद्याच्या बाजूच्या डेमोक्रॅटांकडून शील्ड्सच्या जागी गव्हर्नर मॅटसन पुढे आला. नवव्या फेरीत मॅटसन ४७, ट्रंबुल ३५, लिंकन १५. आणखी एखादी फेरी, की मॅटसन निवडून आला असता. लिंकनने आपल्या माणसांना सांगितलं, ट्रंबुलला मत द्या. दहाव्या फेरीत ट्रंबुल ५१.

ज्याच्याकडे सुरुवातीला पाच मतं होती त्याला, आपली तेव्हा ४४ असताना, जागा सोडायची. याला अपयश म्हणायचं? दुसऱ्याच दिवशी त्याने पत्रात लिहिलं की माझ्या हरण्याच्या दुःखापेक्षा मॅटसनच्या हरण्याचा आनंद मोठा आहे. हे वाचताना मात्र राग ओसरतो. दुखलं होतं त्याला. ते लपवलं नाही, आणि त्यापायी मुद्दाही सोडला नाही.

बरं, काही पराभव खरे होते, मान्य. दुकानाचं कर्ज त्याने वर्षानुवर्षं फेडलं, १८४९ ला जमीन खात्याचं आयुक्तपद हवं होतं ते मिळालं नाही. पण यादीतलं १८४८ चं ‘संसदेचं तिकीट गेलं’ हे काय? तिथे व्हिग नेत्यांनी आळीपाळीने एकेक मुदत घ्यायचं ठरलेलं होतं! अर्धवट माहिती पोरांच्या गळ्यात मारायची आणि वर प्रेरणा म्हणायचं.

१८५५ च्या त्या पाच हट्टी डेमोक्रॅटांत नॉर्मन जड नावाचा शिकागोचा वकील होता. दहाही फेऱ्यांत त्याने लिंकनला मत दिलं नाही. लिंकनने त्याच्याशी वैर धरलं नाही. पुढे रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, त्यात दोघं एकत्र आले. १८६० चं पक्षाचं अधिवेशन शिकागोला खेचून आणण्यात जड पुढे होता, आणि तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी लिंकनचं नाव मांडलं ते त्यानेच. तिसऱ्या फेरीत लिंकनला साडे २३१ मतं, हवी होती २३३. ओहायो राज्याच्या चार प्रतिनिधींनी तिथल्या तिथे मत बदलून लिंकनला दिलं.