गाडगीळांचा आकडा मोबाइलवर सापडत नाही

आज एका चर्चेत एका तरुण प्राध्यापकाने मोबाइलवर गूगल स्कॉलर (कुणाच्या लेखनाचा किती ठिकाणी संदर्भ दिला गेला ते मोजणारं संकेतस्थळ) उघडलं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांसाठी 'डी. आर. गाडगीळ' टाकलं, आलेला संदर्भांचा आकडा सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "एवढंच?" डोकंच फिरलं. संध्याकाळ झाली तरी ते 'एवढंच' कानातून जात नाहीये.

अरे, शोधलंस कसं ते तरी बघ! धनंजयरावांचं भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं पुस्तक १९२४ चं, पाचवी आवृत्ती १९७१ ची. ज्याच्या हाती जी आवृत्ती लागली तिचा त्याने संदर्भ दिला. संगणक त्यांच्या वेगवेगळ्या नोंदी करतो. त्या हाताने जुळवल्याशिवाय बेरीज होत नाही. जुन्या तळटिपांत नुसतं 'गाडगीळ, पृ. अमुक' असतं, ते यंत्राला कळत नाही. समितीचा अहवाल समितीच्या खात्यावर जमा होतो. 'गाडगीळ अहवाल' शोधावा तर पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा माधव गाडगीळांचा अहवाल समोर येतो, आणि हे माधव गाडगीळ त्यांचेच चिरंजीव. आणि मराठी लेखन? ते या मोजणीत जवळजवळ धरलंच जात नाही.

ते पुस्तक म्हणजे केंब्रिजला एम.लिट.साठी लिहिलेला प्रबंध. छापून आला तेव्हा वय तेवीस. नाव उद्योगाचं, पण आत शेती, दुष्काळ, १८६० च्या दशकातली कापसाची तेजी, शहरातल्या कारागिरांची उतरती कळा, सगळं एकमेकांत गुंतलेलं. कारागीर का बुडाले? नुसतं मँचेस्टरचं कापड आलं म्हणून नाही. संस्थानी दरबार गेले, त्यांच्याबरोबर गिऱ्हाईक गेलं, नव्या सुशिक्षितांची आवड बदलली. एका कारणावर न थांबण्याची ही शिस्त पुढे कितीजणांनी उचलली!

मान्य, त्यातलं सगळं आज टिकत नाही. हस्तोद्योग नुसते बुडाले नाहीत, बरेच रूप बदलून टिकले, हे आर्थिक इतिहासकार तीर्थंकर रॉय यांनी दाखवलं. पण तेही काही वर्षं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतच, म्हणजे गाडगीळांच्याच संस्थेत, होते, आणि वाद घालायला समोर गाडगीळांची मांडणी होती, हे विसरू नका.

ती संस्था १९३० ची, रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून उभी राहिलेली, आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक. तिथे त्यांनी हाती घेतलेले विषय बघा: पुण्यातल्या फळांचा व्यापार, मोटारबस वाहतूक, वाई तालुक्यातली शेती, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी. बाजारात आणि घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे, आकडे लिहून घ्यायचे, मग बोलायचं. मला त्यांचं हेच काम सगळ्यात जवळचं वाटतं.

आता प्रभाव. ग्रामीण पतपाहणीच्या, म्हणजे खेड्यातला शेतकरी कर्ज कुठून घेतो ते तपासणाऱ्या, गोरवाला समितीत ते होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के, हे त्या पाहणीने मांडलं. उपाय सांगितला तो असा: पतपुरवठा, विक्री आणि प्रक्रिया एकत्र जोडा, आणि सरकारनेही भागभांडवल घालावं. नुसतं कर्ज देऊन उपयोग नाही, कारण माल त्याच सावकार-व्यापाऱ्याच्या हाती गेला की वसुली तोच करतो. याच समितीच्या शिफारशीतून १९५५ साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. कुठल्या एच-इंडेक्समध्ये, म्हणजे संदर्भ मोजून काढलेल्या निर्देशांकात, बसवणार हे?

१९६९ चं गाडगीळ सूत्र घ्या. राज्यांना योजनेची केंद्रीय मदत वाटताना ६० टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू असलेले मोठे सिंचन-वीज प्रकल्प, राज्याच्या खास अडचणी यांना १०-१० टक्के. आधी आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर यांची गरज भागवायची, मग उरलेलं वाटायचं. पुढे सूत्रात बदल झाले, पण नाव टिकलं. वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं सूत्र, आणि वापरताना तळटीप कोण देत होतं?

त्या प्राध्यापकावर आता तेवढा राग नाही. पदोन्नतीच्या अर्जात त्याच्याकडून हाच आकडा मागतात, म्हणून तो सगळीकडे तोच शोधतो. रागावायचं तर हे रकाने आखणाऱ्यांवर. त्यांच्या कुठल्या रकान्यात अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या लोणीजवळचं प्रवरानगर येतं? विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं, आणि त्या सहकारी साखर कारखान्याचं पहिलं अध्यक्षपद गाडगीळांनी घेतलं. शेतकऱ्याचं कर्ज, ऊस आणि साखर एका हाती ठेवण्याचा जो उपाय गोरवाला समितीच्या १९५४ च्या अहवालात आला, तो लोणीला १९५०-५१ च्या पहिल्या गाळपापासून चालू होता.