गाळाचं काय?

‘लाल प्रतिदीप्ती मोजली की किनाऱ्यालगत क्लोरोफिल मोजण्याची अडचण संपते’ हे उपग्रहावरून समुद्रातल्या क्लोरोफिलचे नकाशे करण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. (लाल प्रतिदीप्ती म्हणजे ऊन शोषल्यावर क्लोरोफिल स्वतः देतं ती मंद लाल चमक.) विरघळलेल्या पिवळसर सेंद्रिय द्रव्याचा अडथळा बराच कमी होतो, हे खरं. पण गाळ? दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी आम्ही घेतलेलं पाणी गाळलं की फिल्टर पेपर तांबूस व्हायचा. हिरवा रंग दिसायचा तो रात्रभर ॲसिटोनमध्ये, अंधारात ठेवल्यावरच. हाच गाळ लाल प्रकाश परत फेकतो, मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची ६६७ आणि ७४८ नॅनोमीटरमधली आधाररेषा (जिच्या वर ६७८ ची चमक किती उठते ते मोजतात ती) बिघडवतो आणि ६७८ ला नसलेली चमक दिसू शकते.

शिवाय भर दुपारच्या उन्हात वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारे, क्लोरोफिल असलेले सूक्ष्मजीव) जास्तीची ऊर्जा उष्णतेवाटे टाकतात, म्हणून तेवढ्याच क्लोरोफिलची चमक कमी भरते. बोटीवरच्या नमुन्यांशी पडताळल्याशिवाय असे नकाशे कृपया मच्छीमारांपुढे ठेवू नका.